ट्रकमधलं जीपीएस नेमकं कुणाचं?

शेलूबाजार हे गाव तुम्ही पाहिलं असण्याची शक्यता कमी, पण तिथून गेला असण्याची शक्यता बरीच आहे. नागपूरकडून पुण्याला नोकरीसाठी आलेल्या माझ्या वयाच्या अनेकांनी तो रस्ता ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये झोपेत पार केलेला असतो. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव (नाशिकवालं नव्हे, आमचं वाशिमवालं), मेहकर, सिंदखेडराजा, जालना आणि मग औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. शेलूबाजार वाशिम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यात येतं. नागपूर-औरंगाबाद रस्ता आणि अकोला-मंगरूळपीर रस्ता जिथे एकमेकांना छेदतात ती चौफुली म्हणजे हे गाव. अशा गावात ट्रक थांबतात, ट्रक थांबतात म्हणून चहा उकळतो, आणि चहा उकळतो म्हणून पुढच्या रस्त्याची बातमी मिळते. आता समृद्धी महामार्गालाही शेलूबाजारजवळ चढण्या-उतरण्याची जागा आहे.

आमच्या नात्यातल्या एका काकांचे दोन ट्रक या भागात चालतात. हंगामात सोयाबीन, तूर, हरभरा. एरवी जे भाडं मिळेल ते. मागे त्यांचा फोन आला, "तू तं कम्प्युटरवाला हायेस ना, मंग सांग बापा, गाडीले कोनतं जीपीएस बसवाव?" मी म्हटलं सांगतो दोन दिवसांत. दोन विकांत गेले त्यात. कारण प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. बाजारात 'जीपीएस' या एकाच नावानं दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक डबी असते, डॅशबोर्डच्या मागे लपवलेली. ती ट्रक कुठे आहे हे मालकाला सांगते. दुसरा पडदा असतो, डॅशबोर्डच्या वर लावलेला. तो कुठे वळायचं हे ड्रायव्हरला सांगतो. काकांना हवी होती डबी. त्यांच्या ड्रायव्हरला विचारलं तर त्याला हवा होता पडदा. आणि आपल्या देशात ट्रकमध्ये आधी डबी आली, पडदा नंतर आला, तोही ड्रायव्हरच्या स्वतःच्या मोबाईलच्या रूपात. हे असं का झालं ते शोधायला लागलो आणि नेहमीप्रमाणे बाराव्या शतकात जाऊन पोचलो :-)

जीपीएस म्हणजे खरं तर एकावर एक बसवलेल्या तीन गोष्टी आहेत. आकाशातून मिळतो तो फक्त एक आकडा: अक्षांश, रेखांश. त्या आकड्याला अर्थ देतो तो नकाशा. आणि नकाशावरून तुमच्या गाडीसाठी वाट काढतो तो हिशोब. तिन्हींचा इतिहास वेगळा आहे, आणि गंमत म्हणजे तिन्हींचे धागे आमच्या वऱ्हाडातून जातात.

आधी आकडा. वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. भास्कराचार्यांनी ११८३ च्या सुमारास 'करणकुतूहल' लिहिलं, त्यात पृथ्वीच्या मध्यरेषेवरची म्हणजे शून्य रेखांशावरची गावं दिली आहेत. लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी ही रेषा, आणि त्या यादीत उज्जयिनीच्या बरोबर वत्सगुल्मही आहे. म्हणजे ग्रिनिचच्या कितीतरी आधी आमचं वाशिम शून्यावर होतं! (वाशिमकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.) पण आजच्या आकड्यांनी तपासलं तर उज्जैन साधारण ७५ अंश ४६ मिनिटांवर आहे आणि वाशिम ७७ अंश ८ मिनिटांवर. एकाच रेषेवरची म्हटलेली दोन गावं पूर्व-पश्चिम दिशेत सुमारे १४० किलोमीटरनं दूर आहेत.

यात भास्कराचार्यांना नावं ठेवण्यासारखं काही नाही. अक्षांश सूर्य किंवा ध्रुवतारा पाहून काढता येतो. रेखांश काढायचा तर दोन गावांच्या वेळेतला फरक कळावा लागतो. चंद्रग्रहण दोन्हीकडे एकाच क्षणी लागतं, ते तिथल्या स्थानिक वेळेनुसार कधी दिसलं हे ताडून पाहायचं, एवढीच सोय तेव्हा होती. १४० किलोमीटर म्हणजे वेळेत जेमतेम साडेपाच मिनिटं. घटिकापात्रावर, वेगवेगळ्या गावी, ग्रहणाची अंधुक कडा बघत साडेपाच मिनिटं पकडणं ही चेष्टा नाही. जीपीएसनं तत्त्वतः वेगळं काही केलेलं नाही. घड्याळं अचूक केली आणि ती वर नेऊन ठेवली. उपग्रहातल्या घड्याळात एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर खाली ३०० मीटरचा फरक पडतो. म्हणजे कारंज्याच्या फाट्याऐवजी तुम्ही कुणाच्या तरी तुरीत.

हा आकडा पहिल्यांदा कुणाला हवा होता? १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक फिरायला लागला तेव्हा अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेतल्या दोघांनी त्याच्या बीप-बीपच्या बदलत्या सुरावरून त्याची कक्षा काढली. मग उलटा प्रश्न आला: कक्षा माहीत असेल तर ऐकणारा कुठे आहे ते काढता येईल का? तो प्रश्न होता अण्वस्त्रं घेऊन समुद्रात फिरणाऱ्या पाणबुड्यांसाठी. त्यातून पुढे १९७३ मध्ये जीपीएसचा कार्यक्रम ठरला आणि १९७८ मध्ये पहिला उपग्रह गेला. १९८३ मध्ये वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलेलं कोरियन प्रवासी विमान पाडलं गेलं, २६९ माणसं गेली, आणि रेगनसाहेबांनी ही यंत्रणा नागरी वापरासाठी खुली करण्याचं जाहीर केलं. पण खुली म्हणजे मुद्दाम बिघडवलेली. सामान्य माणसाला मिळणाऱ्या आकड्यात सुमारे १०० मीटरची चूक घातलेली असायची. २ मे २००० ला ती चूक काढून टाकली. ट्रकला लावायचं जीपीएस खऱ्या अर्थानं शक्य झालं ते त्या दिवसानंतर. १०० मीटरच्या घोळात समांतर जाणारा सर्व्हिस रोड आणि महामार्ग ओळखता येत नाहीत.

आपल्या 'नाविक'चा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला, सातवा २०१६ मध्ये. त्यातली परदेशी अणुघड्याळं बिघडत गेली, मग स्वदेशी घड्याळ असलेला उपग्रह मे २०२३ मध्ये वर गेला. पुन्हा घड्याळच! दुकानदार डबीवर 'नाविक आहे साहेब' असं कौतुकानं सांगतो. असावं, चांगलंच आहे. पण आजची बहुतेक यंत्रं अमेरिकन, रशियन, युरोपीय, चिनी असे सगळेच उपग्रह एकदम वापरतात, त्यामुळे आकड्यावरून ट्रकचं जीपीएस निवडायचे दिवस गेले. आकडा सगळ्यांचा चांगला येतो.

आता नकाशा. १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टननं मद्रासला साखळ्या टाकून जमीन मोजायला सुरुवात केली आणि पुढची वीस वर्षं त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकत राहिला. तो गेला कुठे? २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला. आमच्या विदर्भात, वर्धा जिल्ह्यात त्याची कबर आहे. त्याच्या हाताखालच्या जॉर्ज एव्हरेस्टनं काम पुढे नेलं आणि १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराचे स्वतःचे आकडे दिले. त्या आकड्यांवर सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे पुढे पावणेदोनशे वर्षं बेतलेले होते. जीपीएस वापरतं तो पृथ्वीचा आकार वेगळा आहे. दोन्हींचा मेळ न घालता जीपीएसचा आकडा जुन्या टोपोशीटवर ठेवला तर वाशिमच्या आसपास ठिपका शंभर-दीडशे मीटर सरकतो. (मी सूत्र घालून हिशोब केला, रविवार त्यातच गेला.)

पण अडचण फक्त गणिताची नव्हती. आपल्याकडे चांगला नकाशा ही सामान्य माणसाला न देण्याची गोष्ट मानली जायची. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानं पहिल्यांदा नकाशांचे दोन संच केले, एक लष्करासाठी जुन्या एव्हरेस्ट पद्धतीचा आणि एक लोकांसाठी जीपीएसशी जुळणारा. सगळं मोकळं व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडलं. मधल्या काळात खाजगी कंपन्यांनी गाड्या फिरवून स्वतःचे नकाशे केले; मॅपमायइंडिया तर १९९५ पासून त्या कामात होती. गूगलनं २००८ मध्ये मॅप मेकर काढलं, ज्यात लोकच आपापल्या गावचे रस्ते काढायचे. ते २०१७ मध्ये बंद झालं. ज्यांनी हे नकाशे काढले ते कोण होते? आपल्यासारखे. ऑफिसात बसणारे, दुचाकी किंवा कार चालवणारे. त्यामुळे नकाशात काय आलं? हॉटेल, एटीएम, मंदिर, मॉल. काय नाही आलं? पुलाची उंची, रस्त्याला किती वजन सोसतं, सोळा चाकी गाडी कुठल्या कोपऱ्यावर वळेल आणि कुठे अडकेल.

इथे तिसरी गोष्ट येते, वाट. आणि माझ्या मते खरा इतिहास इथेच आहे.

शेलूबाजारच्या मुलखात मालवाहतूक करणारे पहिले लोक म्हणजे बंजारे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून त्यांचे तांडे महिनोन् महिने चालायचे, त्याला लदेणी म्हणत. गाडी नाही, त्यामुळे गाडीवाट लागत नसे. पण हजारो बैलांना रोज पाणी आणि चारा लागे. कुठल्या महिन्यात कुठल्या नाल्याला पाणी असतं, कुठलं रान चरायला मोकळं आहे, कुठला राजा कुणाशी भांडतोय, हे सगळं तांड्याच्या नायकाच्या डोक्यात असायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर आपल्या गाडीच्या गरजेप्रमाणे वाट काढणारी यंत्रणा. १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली वऱ्हाडात लढत होता, अडगाव आणि मग गाविलगड, तेव्हा त्याच्या फौजेचं पोट या तांड्यांवर अवलंबून होतं. त्याच्या पत्रांत 'ब्रिंजारी' हा शब्द पुन्हापुन्हा येतो. बंजारा समाजाची काशी म्हणतात ते पोहरादेवी याच वाशिम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात आहे.

१८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली आणि लदेणीचा धंदा बसला. मग जे झालं ते वाचताना मी थांबलो. १८८२ मध्ये बंजाऱ्यांची माहिती देणारं एक टिपण छापून आलं. लिहिणारा होता कंबरलेज, बासीमचा म्हणजे वाशिमचा जिल्हा पोलीस अधिकारी. व्यापारी नाही, मोजणीवाला नाही, पोलीस! शतकानुशतकं ज्यांच्या वाटांवर फौजा जेवल्या, त्यांच्याकडे आता 'हे लोक कुठे फिरतात' या नजरेनं पाहिलं जात होतं. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आलाच होता आणि पुढे देशात अनेक ठिकाणी बंजाऱ्यांचे गट त्यात ओढले गेले. या कायद्याखाली ज्यांची नोंद झाली त्यांना ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे, ठरलेल्या हद्दीबाहेर जायचं तर पास घ्यावा लागे. आज ट्रकच्या डबीत एक सोय असते: नकाशावर कुंपण आखायचं, गाडी त्याच्या बाहेर गेली की मालकाच्या फोनवर घंटा वाजते. त्याचं ब्रोशर वाचताना मला हजेरीचं रजिस्टर आठवलं. तुलना थोडी जास्त होत असेल, कारण मालकाची चिंताही खोटी नसते. ट्रक म्हणजे त्याचं घर गहाण टाकून घेतलेली वस्तू असते. पण फिरणाऱ्याला वाट दाखवण्यापेक्षा फिरणाऱ्यावर नजर ठेवणं हे आधी सुचतं, एवढं मात्र दोन्हीकडे सारखं आहे.

अमेरिकेतही तेच झालं. तुमच्या-माझ्या फोनमध्ये जिची चिप असते ती क्वालकॉम, तिचा सुरुवातीचा मोठा धंदा फोन नव्हता, ट्रक होते. १९८८ मध्ये त्यांनी ऑम्निट्रॅक्स काढलं: ट्रकच्या टपावर अँटेना, उपग्रहातून निरोप आणि ठिकाण थेट कंपनीच्या ऑफिसात. ड्रायव्हरला वळणं सांगणारं, ट्रकची उंची-वजन विचारून वाट काढणारं यंत्र (गार्मिनचं डेझल वगैरे) यायला त्यानंतर वीसेक वर्षं गेली. अमेरिकेत या नजर ठेवण्याचा निदान एक उलटा उपयोग झाला. डिसेंबर २०१७ पासून तिथे ट्रकमध्ये ड्रायव्हरचे तास आपोआप नोंदवणारं यंत्र सक्तीचं झालं, कारण अकरा तासांच्या वर गाडी चालवू द्यायची नाही असा नियम आहे. ड्रायव्हरांनी त्यालाही विरोध केला, तो विषय मोठा आहे, असो.

आपल्याकडे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं, पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यांसाठी, दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. दोन-चार ट्रकवाले मालक त्यात बसतच नव्हते. आजची डबी इंजिन कधी चालू झालं, कधी बंद झालं हे सेकंदाबरहुकूम सांगते. ड्रायव्हर चौदा तास जागा आहे हे त्या आलेखात लख्ख दिसतं. पण त्यावर घंटा वाजवायची सोय कुणी मागत नाही. घंटा वाजते ती गाडी थांबली तर! ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा व्हायला २०२५ साल लागलं. डबी त्याच्या कितीतरी आधी पोचली होती.

बाकीची सरकारी यंत्रणाही ट्रक कुठे आहे हे सांगायला शिकली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके गेले, ही ड्रायव्हरसाठी खरोखर मोठी सुटका होती. मग २०१८ मध्ये ई-वे बिल आलं. २०२१ पासून त्याचा हिशोब दर २०० किलोमीटरला एक दिवस असा आहे, आणि अंतर पोर्टल पिनकोडवरून स्वतः काढतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला. टोल कटला की एसेमेस मालकाला. म्हणजे डबी नसली तरी काकांना गाडी कुठून गेली हे बऱ्यापैकी कळतंच. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा निम्मा उत्साह गेला, आणि ते बरंच झालं.

ड्रायव्हरकडे या काळात काय होतं? मैलाचे दगड: पिवळ्या टोपीचा राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या टोपीचा राज्य महामार्ग. ढाब्यावरची बातमी. आणि किन्नर, म्हणजे क्लिनर. मागे घेताना खाली उतरून पत्र्यावर थाप मारत 'येऊ दे, येऊ दे, बस्स' म्हणणारा हा पोरगा ट्रकची खरी नेव्हिगेशन सिस्टीम होता. गाडीची उंची, लांबी, मागचं टायर खड्ड्यापासून किती बोटं लांब आहे हे त्याला नजरेनं कळायचं. आता बऱ्याच गाड्यांवर किन्नर ठेवणं परवडत नाही. त्याच्या जागी २०१६ नंतर स्वस्त डेटा आला आणि ड्रायव्हरनं स्वतःच्या पैशानं घेतलेला फोन काचेला चिकटला.

त्या फोनमधलं गूगल मॅप्स चांगलं आहे, मी रोज वापरतो. पण ते ट्रकला ट्रक समजत नाही. दुचाकीसाठी वेगळी वाट दाखवण्याची सोय गूगलनं डिसेंबर २०१७ मध्ये आणली, आणि जगात सर्वांत आधी भारतात. २०२४ मध्ये काही शहरांत चारचाकीला अरुंद गल्ल्या टाळून देण्याची सोय आली. ट्रकसाठी त्यात आजही बटण नाही. त्यामुळे ट्रकला मिळते ती कारची वाट. आणि कारची वाट ट्रकला कुठे नेते याची उदाहरणं लांब शोधायला नकोत. चाळीसगाव-कन्नड दरम्यानचा औट्रम घाट घ्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानं २०२३ मध्ये तिथे जड वाहनांना बंदी झाली. कारला तो रस्ता उघडा आहे, ट्रकला नाही, आणि हा फरक ज्या नकाशाला माहीत नाही तो ट्रकला घाटाच्या पायथ्याशी नेऊन सोडणार. (भास्कराचार्यांच्या नातवानं १२०७ मध्ये त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला ते पाटण याच चाळीसगावजवळचं. रेखांश काही पाठ सोडत नाही.)

दुसरं उदाहरण रेल्वेखालच्या बोगद्यांचं. रेल्वेनं जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेजवरची सगळी बिनपहाऱ्याची फाटकं बंद केली. अपघात थांबले, उत्तमच झालं. पण फाटकाच्या जागी ठिकठिकाणी रुळाखालून बोगदा आला, आणि रेल्वेच्या कागदात त्याचं नावच 'लिमिटेड हाइट सबवे' आहे. नावातच उंची मर्यादित! ट्रकची परवानगी असलेली उंची २०२० मध्ये ३.८ मीटरवरून ४ मीटर झाली. नकाशात हा बोगदा फक्त एक बारीक पांढरी रेघ म्हणून दिसतो.

आणि तिसरं उदाहरण खुद्द समृद्धीचं. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि पूर्ण ७०१ किलोमीटर ५ जून २०२५ ला. ॲप विचारतं एकच प्रश्न, लवकर कसं पोचाल. कारला १२० चा वेग आहे, जड मालवाहू गाडीला ८० चा. ७०१ किलोमीटर कारनं सहा तासांच्या आत, निदान कागदावर. ट्रकला पावणेनऊ तास, तेही न थांबता. ॲपनं दाखवलेली वेळ कारची असते आणि माल उतरवून घेणारा शेठ तीच वेळ धरून फोन करतो. पैशांचं पाहा. सुरुवातीचा दर कारला किलोमीटरमागे १ रुपया ७३ पैसे होता आणि दोन आसांच्या ट्रकला ५ रुपये ८५ पैसे. म्हणजे नागपूर-शिर्डी कार ९०० रुपयांत, ट्रक तीन हजारांच्या वर. एप्रिल २०२५ पासून दर आणखी वाढले. जुन्या रस्त्यानं डिझेल आणि वेळ जास्त जातो, पण टायर फुटला तर पंक्चरवाला आहे, झोप आली तर ढाबा आहे. समृद्धीवर सुरुवातीला या सोयी फारच कमी होत्या. तेव्हा शेलूबाजारला वर चढायचं की खालूनच मालेगावकडे जायचं, हा निर्णय भाडं किती, माल कसला आणि ड्रायव्हर किती तास जागा आहे यावर ठरतो. यातली एकही गोष्ट फोनला माहीत नसते. ड्रायव्हरला तिन्ही माहीत असतात.

म्हणून काकांना जे सांगितलं ते असं. डबी घ्या, पण साधी घ्या, चोरी आणि अपघातासाठी. आणि तिचं लॉगिन ड्रायव्हरलाही द्या, म्हणजे तो किती तास चालवतोय हे दोघांनाही एकाच आकड्यात दिसेल. महागडा परदेशी ट्रक-नेव्हिगेटर घेऊ नका. उंची-वजन विचारणारं यंत्र तेव्हाच कामाचं जेव्हा नकाशात पुलांची उंची-वजन भरलेली असते, आणि आपल्या तालुक्यांच्या रस्त्यांची ती भरलेली नाही. त्याच पैशात ड्रायव्हरला चांगल्या पडद्याचा फोन घेऊन द्या, नकाशा आधीच उतरवून ठेवा म्हणजे रेंज गेली तरी चालेल. चार्जर घेताना त्यावर १२ ते २४ व्होल्ट लिहिलंय का ते बघा. मोठ्या ट्रकची बॅटरी २४ ची असते, कारचा साधा चार्जर लावला तर धूर निघतो. बोलणारा आवाज हिंदी किंवा मराठी ठेवा. आणि नंबरांवर जाऊ नका: अकोल्यावरून जाणारा सहा नंबर २०१० च्या नव्या क्रमांकांत त्रेपन्न झाला, पण आमच्याकडे तो अजून सहा नंबरच आहे. फोन 'एनएच त्रेपन्न' म्हणाला की ड्रायव्हर विचारतो, हा कुठला नवा काढला?

राहिला प्रश्न बोगद्यांच्या उंचीचा. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा मोकळा नकाशा आहे, २००४ मध्ये सुरू झालेला. त्यात कुणीही उंची, वजन, जड वाहनांना बंदी हे भरू शकतं, आणि ट्रकची वाट काढणारी काही ॲप्स तोच नकाशा वापरतात. दिवाळीत गावी गेलो तेव्हा काकांच्या ड्रायव्हरला हे दाखवलं. त्यानं वाशिम-हिंगोली बाजूच्या रेल्वेचे बोगदे बोटांवर मोजले. कुठल्यात पावसाळ्यात पाणी साचतं, कुठल्यात ताडपत्री घासते, कुठे रिकामी गाडी जाते आणि भरलेली जात नाही. हो, असंही असतं: कुट्टीची गाडी वर फुगलेली असते. मी उंची मीटरमध्ये विचारली तर तो हसला. म्हणाला, "भाऊ, मीटर-गिटर मले नाय समजत. टपावर उभा राहून हात वर केला तं कुठं पोचतो तेवढं सांगतो, मोजून तुमीच घ्या." पुढच्या सुट्टीत टेप घेऊन जायचं ठरलंय.